मागचं उजवं चाक

हे मी लिहिणार नव्हतो. चार वर्षं टाळलं. कारण साधं आहे, यात मी चांगला दिसत नाही. गॅरेजच्या पेजवर मी जे काय टाकतो त्यात मी हिरो असतो. काळा गॉगल, हातात स्कॅनर, मागे ढँटढँट म्युझिक. यात तसलं काही नाही. तरी लिहितो. एका दमात नाही होणार, गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं.

तर मे महिना, बुधवार. आम्ही दोघं वडापाव खात होतो आणि गॅरेजसमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, उभी राहिली आणि मग सावकाश चार बोटं खाली बसली. म्हशीसारखी. हवेच्या सस्पेन्शनवाली गाडी. इम्त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"लका," तो म्हणाला, "ही वाट चुकलीय. पत्ता विचारायला आली असंल."

आम्ही म्हणजे मी, प्रीतम कदम, आणि इम्तियाज मुजावर. कराडला ओगलेवाडी रस्त्याला आमचं गॅरेज. इम्त्या माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. लहानपणापासून त्याच्या अब्बांच्या हाताखाली जीप आणि ट्रॅक्टर उघडत आलेला. मी कुणाच्याच हाताखाली शिकलो नाही. व्हिडिओ बघितले, जुने स्कॅनर मागवले, दोनचार गाड्यांची वायरिंग जाळली आणि आलं. तो हात, मी तोंड, अशी आमची भागीदारी.

गाडीचं दार उघडलं आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. शेवाळे मॅडम. गणिताचा क्लास. अर्धं कराड त्यांच्या हाताखालून गेलंय आणि बाकीचं अर्धं त्यांना बघून रस्ता बदलतं.

"प्रीतम कदम?"

"हो मॅडम." मी वडापाव पाठीमागे लपवला.

"दहावीला गणितात किती होते तुला?"

"एकोणतीस."

"आणि तू माझी गाडी उघडणार?"

"मी नाही मॅडम. हा इम्तियाज उघडणार. मी नुसता कॉम्प्युटर लावणार."

मॅडमनी इम्त्याकडे बघितलं. इम्त्यानं घास गिळला आणि नमस्कार केला.

दुखणं असं होतं. स्पीडब्रेकर आला की मागून उजवीकडून खडाक. पुण्याच्या मोठ्या वर्कशॉपनं गाडी आठ दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं की मागचा अख्खा सांगाडा बदला, पार्ट बाहेरच्या देशातून येईल, दोन महिने थांबा. मॅडमना थांबायचं नव्हतं. शनिवारी गुहागरला जायचं होतं. त्यांच्या सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि विट्याकडच्या त्या बाईनं आयुष्यात समुद्र बघितला नव्हता.

"दोन महिन्यांनी पावसात काय दाखवू त्यांना?" मॅडम म्हणाल्या. "शनिवारी सकाळी अकराला मला गाडी पाहिजे. जमणार नसेल तर आत्ता सांगा."

मी तोंड उघडायच्या आत इम्त्या म्हणाला, "आधी आवाज ऐकतो, मग सांगतो."

त्याची ऐकायची पद्धत म्हणजे डिकीत झोपायचं. त्या गाडीत बसणाऱ्याचं ढुंगण गार ठेवणाऱ्या सीट होत्या, वर काचेचं छप्पर, तीन रांगा. आणि आमचा माणूस तिसरी रांग पाडून पोत्यासारखा आडवा, कान पत्र्याला लावून. मी चालवतोय आणि एकाच स्पीडब्रेकरवरून सात वेळा गेलो.

"परत घे!"

"आता लोक बघायला लागलेत, इम्त्या."

"बघू दे. परत घे. हळू. ब्रेक मारू नको म्हटलं ना, बैला!"

सातव्या वेळी तो ओरडला, "सापडलं!" गॅरेजात येऊन गाडी उचलली, पहारीनं एक छोटा दांडा हलवला, आणि मला खाली बोलावून दाखवलं. दांड्याच्या टोकाला करंगळीएवढं रबर. फाटलेलं. बस्स. बाकी सांगाडा ठणठणीत.

माझा स्कॅनर सगळं ओके म्हणत होता. ते मी मॅडमना सांगितलं नाही.

पार्ट पुण्याहून एसटीनं मागवला. शुक्रवारी संध्याकाळी आला. चारी चाकांचे ब्रेक पॅडही संपत आले होते, तेही बदलायचे ठरलं. शनिवारी आठला आम्ही कामाला लागलो.

आता आमच्या गॅरेजातला एक नियम सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

चाक बसवताना बोल्ट आधी साध्या पान्यानं हातानं आवळायचे, गाडी वर उचललेली असतानाच. मग गाडी खाली घ्यायची आणि टॉर्क पान्यानं फायनल आवळायचे. टॉर्क पाना म्हणजे हाताएवढा लांब पाना, त्याच्यावर ताकद सेट करता येते. तेवढी ताकद लागली की तो टक् असा आवाज करतो. टक् झालं की बोल्ट बसला. आणि टक् झालेल्या बोल्टवर नेलपेंटचा लाल ठिपका लावायचा. ज्यानं आवळला त्यानंच लावायचा. ठिपका दिसला की दुसऱ्यानं त्या बोल्टला परत हात लावायचा नाही, तो बसलाय. नियम इम्त्याचा. बाटली कायम त्याच्या वरच्या खिशात. चाकं आवळतो तोच, म्हणून ठिपकेही कायम त्याचेच.

ती बाटली आणायला आम्ही दोघं मिळून बायकांच्या दुकानात जातो. दुकानवाली पहिल्यांदा विचारत होती, "मॅट देऊ का चमकणारी?" इम्त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ऑइल लागल्यावर कुठली टिकंल?" त्या बाईनं आमच्याकडे असं बघितलं की बास.

तर शनिवार. एवढी मोठी गाडी आमच्याकडे पहिल्यांदाच. मी फोन स्टँडला लावून ऑइलच्या डब्यावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. नंतर कापून रील करणार होतो. इम्त्यानं पुढची दोन्ही चाकं केली, मागचं डावं केलं. प्रत्येक चाकाला खाली घेतलं, टक् टक् टक् टक् टक्, पाच ठिपके. शेवटचं मागचं उजवं. तिथं तो दांडाही बदलायचा होता, त्याला वेळ गेला. साडेदहाला त्यानं चाक चढवलं, साध्या पान्यानं हातानं आवळलं आणि म्हणाला, "हात धुऊन येतो. चहा सांग."

गाडी अजून जॅकवर. आणि नेमका त्या वेळी छपराच्या फटीतून उन्हाचा पट्टा बरोबर त्या चाकावर पडला होता. काळं चकचकीत चाक, मधे पाच बोल्ट. मी बघितलं आणि मला दिसला तो नुसता शॉट. इम्त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला होता, खिशात बाटली. मी ती घेतली, फोन जवळ आणला आणि अगदी सावकाश, हात न हलवता, पाचही बोल्टवर एकेक लाल ठिपका दिला. सुंदर आला होता शॉट. बाटली परत खिशात ठेवली. इम्त्या आला की सांगू, हे नुसतं व्हिडिओपुरतं आहे म्हणून.

चहा आला. चहाबरोबर मॅडम आल्या, वीस मिनिटं आधी. बरोबर मिस्टर, दोन पोरं आणि सासूबाई. पोरं गाडीवर चढली. मिस्टर मला विचारायला लागले की या गाडीचं ॲव्हरेज वाढवता येतं का. सासूबाईंनी मला जवळ बोलावून विचारलं, "समुद्राच्या वाटंवर घाट हाय म्हणं?" मी म्हटलं आहे, कुंभार्ली घाट. "मग मला मळमळणार," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्यासाठी लिंबू आणायला पळालो. लिंबू घेऊन आलो तोवर गाडी जमिनीवर होती आणि इम्त्या मॅडमच्या हातात चावी देत होता.

"पन्नासेक किलोमीटर झाले की परत एकदा बोल्ट तपासायचे असतात," तो त्यांना सांगत होता. "येताना या."

गाडी गेली. मी हात हलवला. डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. खोटं बोलत नाही, आलंच नाही.

सव्वाअकराला रील कापायला बसलो. चहाचा शेवटचा घोट तोंडात. ठिपक्यांचा शॉट बघितला, मस्त. म्हटलं याच्या आधी टॉर्क पान्याचा शॉट जोडू, म्हणून मागचं उजवं चाक आवळतानाचं शोधायला लागलो. पुढे गेलो. मागे गेलो. फोन ऑइलच्या डब्यावर परत ठेवलेला होता, रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यात इम्त्या शर्ट घालत येतो, चहा पितो, मॅडम येतात, पोरं ओरडतात. इम्त्या मागच्या चाकाशी वाकतो, पाच ठिपके बघतो. एक सेकंद थांबतो. मग जॅक खाली सोडतो.

टॉर्क पाना भिंतीवरच असतो.

फोन तसाच हातात धरून मी उठलो.

"इम्त्या," मी म्हटलं, "मागच्या उजव्याला टॉर्क मारला होतास ना?"

"मारला असणार की. खाली घेऊन मारला असंल, मग कशाला तरी परत वर घेतली असंल. ठिपके होते."

"मारल्याचं आठवतंय का?"

 तो फडक्यानं हात पुसत होता, ते पुसणं थांबलं. "ठिपके होते," तो परत म्हणाला. मग भिंतीवरच्या पान्याकडे बघितलं. "तुला कसं कळलं?"

"वाटलं मला," मी म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

मॅडमना फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद, हा त्यांचा नियम सगळ्या क्लासला माहीत आहे. मिस्टरांचा नंबर नव्हता. हातानं आवळलेले बोल्ट लगेच निघत नाहीत. गावातल्या रस्त्यावर काही होत नाही. पण वीस, तीस, चाळीस किलोमीटर झाले की एकेक सैल होत जातो. आणि साठ किलोमीटरवर घाट. डावीकडे डोंगर, उजवीकडे काही नाही. आत पोरं.

इम्त्यानं बाईक काढलेली होती. मी मागे बसलो. टॉर्क पाना खांद्यावर, गदा घेतल्यासारखा. नाक्यावरचा एकजण ओरडला, "कुणाला मारायला निघालाय रे?"

मल्हारपेठपर्यंत इम्त्यानं नुसती बाईक पिळली. नंतर मान वळवून ओरडला, "मी ठिपके कधी लावले रे?"

मला स्वच्छ ऐकू आलं. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

"माझ्या डोक्यात काय शेण भरलं होतं!" तो ओरडत होता. "न आवळता ठिपके लावलं मी! मी!"

मी पाना घट्ट धरून बसलो. तेवढंच केलं.

पाटणच्या पुढं एक रसवंती आहे. तिथं पांढरी गाडी उभी दिसली आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. सासूबाई एका दगडावर बसल्या होत्या, नाकाला मी दिलेलं लिंबू. घाट यायच्या आधीच त्यांना मळमळलं होतं. त्या बाईच्या पोटाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

"प्रीतम? तू इथं कुठं?" मॅडम रसाचा ग्लास घेऊन उभ्या.

"मॅडम, गाडी चालू करू नका."

इम्त्या तोवर मागच्या उजव्या चाकापाशी गुडघ्यावर बसला होता. त्यानं पहिल्या बोल्टला दोन बोटं लावली आणि फिरवलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरतं तसा फिरला. दुसरापण तसाच. मिस्टर जवळ येऊन वाकले.

"तरी आवाज येत होता," ते म्हणाले. "मी म्हटलं टायरात खडा अडकला असेल."

"तुम्ही मला गाण्याचा आवाज वाढवायला सांगितलात," मॅडम म्हणाल्या.

इम्त्यानं पाना लावला. पाच वेळा टक् झालं. मग बाकीची तिन्ही चाकं तपासली, ती बसलेलीच होती. तो उठला, गुडघ्यावरची माती तशीच.

"हे कुणाचं काम होतं?" मॅडमनी विचारलं. आवाज अजिबात वाढवला नाही. क्लासमध्येपण कधी वाढवत नसत, त्याचीच तर भीती.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण इम्त्या आधी बोलला.

"माझं, मॅडम. मी आवळायचं विसरलो आणि बसल्याची खूण करून ठेवली. प्रीतमच्या लक्षात आलं म्हणून आम्ही पळत आलो."

रसवंतीवाला, दोन गिऱ्हाइकं, सगळे ऐकत होते. मॅडमनी गाडीत बसलेल्या पोरांकडे बघितलं.

"माझी मुलं आहेत आत, इम्तियाज."

"हो मॅडम."

"चूक होते. पण न केलेल्या कामावर बरोबरची खूण? मी पेपर तपासताना असं केलं तर मला कुणी शिक्षक म्हणेल का?"

"नाही मॅडम."

"यापुढे माझ्या गाडीला तुम्ही हात लावू नका. प्रीतम लावेल." मग माझ्याकडे वळल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. तुझं लक्ष होतं म्हणून आम्ही वाचलो."

दहा वर्षं त्या बाईकडून एक शाब्बास मिळावी म्हणून मी काय काय केलं असतं. मिळाली तेव्हा मी मान हलवली. आणि म्हणालो, "थँक्यू मॅडम."

होय. थँक्यू म्हणालो.

त्यानंतर अकरा दिवस.

मी रोज ठरवायचो, जेवण झालं की सांगू. जेवण झालं की म्हणायचो, चहा झाल्यावर. मग गिऱ्हाईक. मी स्वतःला काय काय पटवलं ते लिहितो. एक, सगळे सुखरूप आहेत. दोन, सासूबाईंनी समुद्र बघितला, मॅडमनी स्टेटसला फोटो टाकला, त्या नऊवारीत गुडघाभर पाण्यात उभ्या. तीन, इम्त्या पण आधी तपासू शकला असता. हे तिसरं मी जास्त घोळवायचो.

इम्त्या बदलला.  प्रत्येक बोल्ट तीन तीन वेळा आवळायला लागला. ठिपका लावायचा, पुसायचा, परत पाना लावायचा, परत ठिपका. एका साध्या हॅचबॅकची चार चाकं चढवायला त्याला दीड तास लागला.

"हा आवळला ना रे मी?" तो विचारायचा.

"आवळलास. टक् झालं."

"तू ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग ठीक."

बाईकवर यायचं बंद झालं. शबानाभाभी त्याला स्कूटरवरून सोडायला लागली. मी विचारलं बाईकला काय झालं, तर म्हणाला, "काय न्हाय. सर्व्हिसिंगला आलीय." गॅरेजवाला माणूस आणि म्हणे सर्व्हिसिंगला आलीय! मी हसलो. तो नाही हसला.

बाराव्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "उद्या मी नाही. मिरजेला जायचंय."

"कशाला?"

"डॉक्टरकडं. मेंदूच्या. शबानानं नंबर लावलाय."

मी एका गाडीच्या बॉनेटमध्ये होतो. तिथूनच विचारलं, "कुणाला काय झालं?"

"मला," तो म्हणाला. "अब्बांचं असंच सुरू झालं होतं, प्रीतम. आधी विसरायला लागलं. केलेलं न केलेलं कळंना. मग वर्षाभरात हात थरथरायला लागलं. शेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पाना खाली ठेवला तो ठेवलाच. माझं तर तिसाव्यालाच आलं."

त्यानं दोन्ही हात पुढे धरले. बोटं पसरली. हात अजिबात थरथरत नव्हते. तो टक लावून त्यांच्याकडे बघत होता, थरथरतात का म्हणून.

"आयतला उचलून घेत नाय मी," तो म्हणाला. आयत म्हणजे त्याची पोरगी, दीड वर्षाची. "ती हात वर करती. मी खाली बसून खेळतो तिच्याशी. म्हटलं हातातनं सुटली तर? उचलल्याचं विसरलो तर?"

मी बॉनेटमधून बाहेर आलो. डोकं आपटलं झाकणाला, चांगलं आपटलं.

"इम्त्या, बस इथं."

"काय झालं?"

"बस म्हटलं ना."

मी फोन काढला आणि तो व्हिडिओ लावून त्याच्या हातात दिला. पळवला नाही. कापला नाही. अख्खा. आणि समोर उभा राहिलो, कारण बसायची हिंमत नव्हती.

आधी त्याला कळलंच नाही मी काय दाखवतोय. मग फोनमधून आवाज आला. टक्. तो फोन कानाजवळ घेऊन ऐकायला लागला, ओठ हलत होते. पहिलं चाक, पाच. दुसरं चाक, दहा. तिसरं, पंधरा. मग त्यानं स्क्रीनकडे बघितलं. माझा हात. लाल बाटली. जॅकवरचं चाक. उन्हाचा पट्टा.

त्यानं व्हिडिओ मागे घेतला. परत बघितलं. परत मागे घेतलं. मला वाटलं तो माझा हात बघतोय. तो त्याचे हात बघत होता. पुढच्या चाकाला पाना लावतानाचे.

"पंधरा," तो म्हणाला. "जेवढं मारलं तेवढं आठवतंय मला. पंधराच मारलं होतं. विसरलो नव्हतो मी. मी मारलेलंच नव्हतं म्हणून आठवत नव्हतं."

"होय."

"म्हंजे मला काय झालेलं नाय."

"काय झालेलं नाय तुला."

तो हसला. आणि मग उठला. पुढचं मी शब्दाला शब्द लिहू शकत नाही, कारण त्याच्या शिव्या कराडच्या बाहेर कुणाला कळणार नाहीत आणि कराडात सगळ्यांना कळतील. माझी आई, माझा स्कॅनर, माझा गॉगल, काही सोडलं नाही त्यानं. हातातला फोन तेवढा व्यवस्थित बाकावर ठेवला आणि मग चहाचा ग्लास भिंतीवर फोडला. शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला.

"अकरा दिवस!" तो ओरडला. "अकरा दिवस सकाळी उठून कारल्याचा रस पितोय मी! शबाना समोर उभी राहून पाजती! मेंदूला चांगला असतो म्हणं!"

मला हसू आलं. येऊ नये तिथं आलं. मी दाबलं, ते नाकातून निघालं.

"हस! हस भाड्या!" म्हणता म्हणता तोही हसायला लागला. मग हसता हसता खाली टायरवर बसला आणि तोंड पुसण्याच्या फडक्यात घातलं. ते फडकं ऑइलचं होतं. खांदे हलत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. हात लावला नाही. मला तो हक्क नव्हता असं वाटलं.

फडकं बाजूला करून तो म्हणाला, "लाव फोन."

"कुणाला?"

"तुझ्या आयला! मॅडमला लाव. स्पीकरवर."

लावला. क्लासची वेळ होती, तरी उचलला. मी एका श्वासात सांगितलं. ठिपके मी लावले होते. व्हिडिओसाठी. इम्तियाजला माहीत नव्हतं. रसवंतीपाशी मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. तुम्ही शाब्बास म्हणालात तेव्हाही.

पलीकडे खडू ठेवल्याचा आवाज आला.

"अकरा दिवस लागले तुला?" मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"इम्तियाज आहेत का तिथं?"

"हाय मॅडम," इम्त्या म्हणाला. तोंड काळं झालं होतं फडक्यानं.

"तुम्हाला मी चार माणसांत बोलले. रविवारी मी त्याच रसवंतीवर येते, तुम्हीही या. त्याच चार माणसांत माफी मागेन. आणि माझी गाडी पुढच्या आठवड्यात आणते. तुम्हीच बघायची." आणि शेवटी, "प्रीतमला म्हणावं, माझ्यासमोर सध्या येऊ नको."

फोन बंद. मी तो हातात घेतला. व्हिडिओ अजून तिथंच होता, थांबलेला, माझा हात आणि लाल बाटली. माझं बोट डिलीटवर गेलं. मला ते बघवत नव्हतं.

इम्त्यानं माझं मनगट धरलं. काय पकड आहे त्या माणसाची.

"काय करतोय्स?"

"काढून टाकतो. नको ते परत कुणाच्या डोळ्यासमोर."

"हात मोडीन," तो म्हणाला. "राहू दे ते."

"कशाला? मी काय केलं ते बघायला?"

"तू गेलास खड्ड्यात. अब्बांचं जे झालं ते उद्या खरंच मला झालं, पन्नाशीत, साठीत, कधीपण, आणि मला परत वाटायला लागलं की मी कायमच असा होतो, तर तू मला ते पंधरा ऐकवायचं. पहिल्यापासनं. एक न कापता. तुझं थोबाड पण त्यात दिसंल, त्याला इलाज नाय."

मी त्याच्याकडे बघितलं. तो मस्करी करत नव्हता.

"ऐकवीन," मी म्हटलं. "आयतची शप्पथ नको, माझी स्वतःचीच घेतो. तुला ऐकू येईना झालं तरी कानाला लावून ऐकवीन."